‘विस्थापित’मधला ‘प’

महोदय,

धरणाच्या बुडितातून हलवलेल्या कुटुंबांची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळ्यात ती माणसे ‘स्थलांतरित’ होती, मजकुरात ‘विस्थापित’ झाली आणि छायाचित्राखालच्या ओळीत चक्क ‘निर्वासित’! तोच शब्द पुन्हा नको म्हणून हे केले असावे, पण या तिघांची अदलाबदल होत नाही.

स्थलांतर पक्षीही करतात, कार्यालयेही करतात. ‘निर्वासित’ म्हणजे मुळात वस्तीतून घालवून दिलेला. आज तो शब्द देशाची सीमा ओलांडावी लागलेल्यांसाठी रुळला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या करारातही छळाची भीती आणि स्वदेशाबाहेर असणे, अशा दोन्ही अटी आहेत.

‘विस्थापित’ची घडण मात्र बघण्यासारखी आहे. ‘स्था’ म्हणजे उभे राहणे, त्यावरून ‘स्थित’. याच धातूचे प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवण्याचे, रूप केले की मध्ये ‘प’ येतो आणि ‘स्थापित’ होते, म्हणजे कोणीतरी उभा केलेला. मूर्ती आपणहून येऊन बसत नाही, म्हणून तिची ‘स्थापना’ होते. त्याला वियोगातला ‘वि’ लावा. माणूस स्वतःहून निघाला असता तर प्रयोजकाची गरजच नव्हती. उठवणाऱ्याचे नाव बातमीत नसले तरी त्या ‘प’मध्ये तो हजर असतो. ‘स्थलांतरित’ लिहिले की तो निसटतो.

गंमत पुढेच आहे. उठवण्याच्या शब्दात प्रयोजक आहे, पण ‘पुनर्वसन’मध्ये नाही! ‘वसन’ म्हणजे नुसते राहणे. राहायला लावणे, वसवणे म्हणायचे तर ‘वासन’ हवे, जसे ‘निर्वासन’मध्ये आहे. व्याकरणाच्या हिशेबाने उठवणारा दुसरा, पुन्हा वसायचे ते आपले आपण. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हे नसणार, पण वसाहतीत नळाची वाट पाहणाऱ्याला ते खोटे वाटणार नाही.

सरकारी भाषेत याच माणसाला ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात. १९९९चा राज्य अधिनियम अशाच व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी आहे. घर राहिले पण जमीन गेली, असा माणूसही त्यात येतो, म्हणून तो शब्द सोयीचा. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ‘खग्रास’मधल्या ग्रासाचा सख्खा भाऊ. धरणाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे.

एक जुना शब्द आपण वाया घालवला. ‘परागंदा’ फारसीतून आला, मूळ अर्थ ‘विखुरलेला’. जुन्या कागदांत रयत परागंदा होते ती याच अर्थाने. पुढे आपण तो फरारी माणसाला चिकटवला. एक गाव तीन वसाहतींत वाटले जाते तेव्हा याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

नववीच्या विज्ञानातही ‘विस्थापन’ आहे. तिथे वस्तू कितीही भटकून मूळ जागी परतली की विस्थापन शून्य धरतात. बुडितातल्या माणसाला ही सोय नाही.

ज्यांची गावे गेली ते ‘आमचं गाव उठवलं’ म्हणतात. त्यातही प्रयोजक आहेच. एवढे थेट छापणे जड जात असेल तर ‘विस्थापित’ ठेवा. निदान छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी, ही विनंती. ती माणसे कुठल्याही सीमेपलीकडून आलेली नाहीत.

आपली,
एक निवृत्त भाषाशिक्षिका