अंदाजाच्या शेजारी गेल्या वर्षीचा अंदाजही छापावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर शेअर बाजाराचे अंदाज नियमाने प्रसिद्ध होतात. सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) कुठवर चढेल आणि केव्हा पडेल हे सांगणाऱ्यांची व्याख्यानेही अलीकडे कोल्हापुरात चांगली गर्दी खेचतात. या अंदाजांविषयी एक सूचना करावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक घसरून २५,९८१ वर बंद झाला. त्या संध्याकाळी एका वाहिनीवरील विश्लेषकाने निफ्टी, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक, आणखी दोन हजार अंक खाली जाणार असे ठामपणे सांगितले. मुलीच्या लग्नासाठी नऊ वर्षे एसआयपीतून, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवून, जमवलेले म्युच्युअल फंडाचे युनिट मी दुसऱ्याच दिवशी विकून टाकले. बंद भावाच्या हिशेबाने २३ मार्च हाच त्या पडझडीचा तळ ठरला आणि २१ जानेवारी २०२१ रोजी सेन्सेक्सने ५० हजारांचा टप्पा ओलांडला. विकण्याचा निर्णय माझा होता, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. परंतु महिन्याभराने तेच गृहस्थ त्याच वाहिनीवर, आधीच्या अंदाजाचा एका शब्दानेही उल्लेख न करता, तितक्याच ठामपणे नवे आकडे सांगत होते, याचे दुःख मला आजही आहे.

तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, सांगितलेला आकडा, मुदत आणि शेवटी ‘काय झाले’, असे तिचे रकाने आहेत. पाच वर्षांच्या नोंदींनंतर लक्षात आले ते असे, की बहुतेक ओळींत शेवटचा रकाना भरताच येत नाही. आकडा सांगितला असेल तर मुदत नसते आणि मुदत असेल तर आकडा नसतो. ‘अमुक लेव्हलच्या वर टिकला तर तेजी, खाली आला तर मंदी’ या वाक्याच्या तर माझ्याकडे पानेच्या पाने आहेत, आणि ते वाक्य कोणत्याही दिवशी खरेच ठरते. ‘मोठे करेक्शन (घसरण) येणार’ असे सलग तीन वर्षे म्हणत राहणाऱ्याचेही एक दिवस खरे होते. मधल्या काळात ज्यांनी भीतीने पैसे बाहेर काढून ठेवले, त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

वहीतले जून २०२४चे पान मी पुन्हा पुन्हा पाहतो. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांमुळे ३ जून रोजी सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वाढून ७६,४६८ वर बंद झाला. त्या दिवशीच्या माझ्या चारही नोंदी तेजीच्या आहेत. ४ जूनला निकाल लागला आणि सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला. त्या रात्रीच्या नोंदींमध्ये ‘आता हात लावू नका’ असा सल्ला आहे. ७ जूनला सेन्सेक्स ३ जूनच्याही वर बंद झाला होता.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. आयर्विंग फिशर यांच्यासारख्या जगन्मान्य अर्थतज्ज्ञाने १९२९च्या ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कचा बाजार कोसळण्याच्या थोडेच दिवस आधी, शेअरचे भाव कायमच्या उंच पठारावर पोहोचल्याचे सांगितले होते. पुढे १९३३ मध्ये आल्फ्रेड कौल्स यांनी अनेक सल्ला-संस्थांचे अंदाज प्रत्यक्ष भावांशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांत भविष्य ओळखण्याचे कौशल्य असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. या माणसांचा अभ्यास कमी पडला असे मी म्हणणार नाही; अडचण बाजाराच्या स्वभावातच आहे. पावसाळ्यात आपण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पाहतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की पंचगंगाकाठची माणसे सामान हलवू लागतात, कारण येणारे पाणी वर धरणात डोळ्यांना दिसलेले असते. बाजारात जे सर्वांना दिसले, ते त्याच दिवशी भावात उतरलेले असते आणि पुढची हालचाल होते ती न दिसलेल्या गोष्टींमुळे. शिवाय अंदाज ऐकून नदीची पातळी बदलत नाही. बाजारात अंदाज ऐकणारेच खरेदी-विक्री करत असतात.

मला खरी काळजी तरुणांची वाटते. आमच्या गल्लीतील एका मुलाने वडिलांच्या उसाच्या बिलातील रक्कम, कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर पैसे भरून मिळणाऱ्या ‘कॉल’च्या (खरेदी-विक्रीच्या सूचनांच्या) भरवशावर, ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या भावांवर आधारित मुदतीच्या करारांत, एका एक्स्पायरीला (मुदत संपण्याच्या दिवशी) घालवली. तो माझा विद्यार्थी होता, टक्केवारीची गणिते उत्तम सोडवायचा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन या मुदतीच्या करारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीचे २०१३चे आणि संशोधन विश्लेषकांसाठी २०१४चे नियम आहेत. नोंदणीशिवाय पैसे घेऊन सल्ला देता येत नाही आणि परताव्याची हमी तर नोंदणीकृत सल्लागारालाही देता येत नाही. व्याख्यान ऐकायला येणाऱ्यांपैकी कितीजण नोंदणी क्रमांक विचारतात? गेल्या दिवाळीनंतर झालेल्या एका व्याख्यानात मी तो विचारला, तेव्हा ‘प्रश्नोत्तरे शेवटी’ असे उत्तर मिळाले आणि शेवटी प्रश्नोत्तरे झालीच नाहीत.

म्हणून आपणास विनंती आहे, की बाजाराचा अंदाज छापताना सांगणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक द्यावा, आकडा आणि मुदत दोन्ही स्पष्ट नसतील तर तो अंदाज छापू नये आणि दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांनिमित्त (त्या दिवशी बाजारात होणाऱ्या खास व्यवहारांनिमित्त) ज्यांचे अंदाज येतात, त्यांचा गेल्या वर्षीचा अंदाज व प्रत्यक्ष आकडा शेजारच्याच चौकटीत द्यावा. जागा फार लागणार नाही. माझी वही आपल्या उपयोगी पडणार असेल, तर ती कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर