‘द्वितीय पत्नी’ एवढीच ओळख?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रणजित देसाईंवरचा लेख काल दोनदा वाचला. कोवाडचा वाडा, सदर, गाण्याच्या मैफली, आल्यागेल्यांच्या पंक्ती, सगळं सविस्तर आलंय. लेखकाने मेहनत घेतलीय, हे मान्य. पण माधवी देसाईंच्या वाट्याला अख्ख्या लेखात दोनच शब्द आले, ‘द्वितीय पत्नी’. नावसुद्धा नाही. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळी उठून आधी हे पत्र लिहायला घेतलं.

साहित्यिकाच्या कादंबऱ्यांवर लिहावं, त्याच्या घरात शिरू नये, असं म्हणणारे आहेत. मलाही ते पटतं. पण तुम्ही घरात शिरलात. मग त्याच घरात राहिलेल्या बाईने स्वतःच्या नावानिशी लिहिलेलं ‘नाच गं घुमा’ हे आत्मकथन तुम्हाला वाटेत कसं लागलं नाही? भालजी पेंढारकरांची मुलगी, पहिला नवरा गेल्यावर मुलींना घेऊन उभी राहिलेली, देसाईंशी संसार मांडलेली आणि तो मोडल्यावर त्यावर लिहिण्याचं धाडस केलेली ही बाई. तिला वगळून त्या वाड्याचं वर्णन पुरं होतं, हे मी मानणार नाही.

माझी आई निरक्षर होती. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भाताचं. संध्याकाळी ती सुपात तांदूळ निवडत बसायची आणि मी वाचून दाखवायची. माधवराव पेशव्यांवरची देसाईंची ‘स्वामी’ मी तिला तीनदा वाचून दाखवली. गावच्या वाचनालयातली ती प्रत इतकी हाताळलेली, की शेवटची पानं गळून पडली होती. ती कुणीतरी आखीव वहीच्या कागदावर निळ्या शाईने उतरवून काढली होती आणि दोऱ्याने शिवून आत बसवली होती. अक्षर शाळकरी पोराचं वाटायचं. माधवराव थेऊरला पोचले की आई सूप खाली ठेवायची. रमाबाई सती जाते तिथे दरवेळी पदर डोळ्यांना लावायची, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी बोलायचो नाही. त्या कादंबरीला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मला फार पुढे कळलं. आईला ते कधीच कळलं नाही. तिला त्याची गरजही नव्हती.

देसाई १९९२ च्या मार्चमध्ये गेले. त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याच वाचनालयात ‘नाच गं घुमा’ मागितलं. तेव्हा मी मराठी शाळेत शिक्षिका होते, नोकरीला दहा वर्षं झाली होती. तिथल्या गृहस्थांनी पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेतून काढलं, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, “बाई, घरी उघड्यावर ठेवू नका, लोक काय म्हणतील.” ‘स्वामी’ काखेत मारून मी गावभर हिंडले होते, तेव्हा असं कुणी म्हणालं नव्हतं. माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही, निमूट सही करून पुस्तक घेऊन आले. तेव्हा गप्प बसल्याचा सल आजही आहे, आणि परवाच्या तुमच्या लेखाने तो कागद पुन्हा त्या पुस्तकाभोवती गुंडाळला.

घरी येऊन आईला नाव सांगितलं, तर ती मंगळागौरीच्या खेळातल्यासारखी लगेच म्हणाली, “कशी मी नाचू?” पुढे आठ-दहा संध्याकाळी वाचन चाललं. यावेळी ती रडली नाही. सूपही खाली ठेवलं नाही. संपलं तेव्हा एवढंच विचारलं, “मग ती ऱ्हायली कुठं गं?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. माधवीताई पुढे गोव्यात राहिल्या, लिहीत राहिल्या, आणि २०१३ साली बेळगावात वारल्या. आपल्या बेळगावात, संपादक महाशय. निदान बेळगावच्या वाचकांसाठी छापलेल्या लेखात तरी त्यांचं नाव असायला हवं होतं.

यात देसाईंचा अवमान नाही. ‘स्वामी’ माझ्या मनातून उतरलेली नाही, उतरणारही नाही. नवऱ्यामागून आगीत जाणारी रमाबाई इतक्या मायेने लिहिणाऱ्या माणसाच्या घरातल्या बाईने आपलं जगणं आपल्या तोंडाने सांगितलं. वाचणाऱ्याला दोन्ही ठाऊक असलं पाहिजे. आम्ही दोघी मायलेकींनी दोन्ही वाचलं आणि दोन्ही आमचं झालं.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. देसाईंच्या छंदांना तुम्ही दोन रकाने दिलेत आणि ‘बारी’चा उल्लेखसुद्धा नाही! १९५९ ची कादंबरी, ‘स्वामी’च्या तीन वर्षं आधीची. कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावरच्या रानातल्या बेरड जमातीची, म्हणजे आपल्या मुलखाची. राजेरजवाड्यांच्या आधी या लेखकाने त्या माणसांकडे पाहिलं होतं. आणि कोवाड ‘महाराष्ट्रातलं आडबाजूचं खेडं’ म्हणून आलंय, तेही खटकलं. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत चंदगड वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून ताम्रपर्णीकाठचं कोवाड तिकडे आणि आम्ही इकडे राहिलो. हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही, पण तुमचा लेख शाळेतली मुलंही वाचतात.

पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी, आणि तीत माधवी देसाई हे नाव पूर्ण लिहावं. आणि हो, आमच्या भागात रविवारची पुरवणी सोमवारी दुपारच्या बसने येते, तीही कधी कधी मधलं पान नसलेली. वर्षाची वर्गणी मी जानेवारीतच भरली आहे. तेवढं वितरण विभागाला कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव