शाळा समितीच्या ठरावाला उत्तर कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषद शाळांमधले पालक उदासीन असतात, पोराला शाळेत घातलं की त्यांची जबाबदारी संपते, अशा आशयाचं एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या पहिली ते चौथीच्या शाळेत व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शिवणकाम करते, मुलगी तिसरीत आहे. साहेबांशी भांडण नाही, पण पालक गप्प का बसतात ते त्यांनी कधी पालकांनाच विचारलं असतं तर त्यांचं पत्र वेगळं झालं असतं.

पालकांचा अधिकार ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव. समितीनं शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा. आणि सरकारनं अनुदानाचं नियोजन त्या आराखड्याच्या आधारानं करायचं, असं कलम २२ सांगतं. कागदावर इतका अधिकार शहरातल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत हजारो रुपये फी भरणाऱ्यांनाही नाही; हे कलम त्या शाळांना लागूच नाही.

उदासीनतेचं म्हणाल तर आधी आमच्या बैठका दुपारी अकराला ठेवायचे. त्या वेळी बाया रानात खुरपायला असतात. बैठकीला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग वही घरी यायची, सही नाहीतर अंगठा घेऊन परत जायची. आम्ही बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यायला लागलो, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. बाया आल्या. बोलायलाही लागल्या. एकीनं पहिल्याच बैठकीत विचारलं, वीजबिल कुठल्या पैशातनं भरता? तेव्हा कळलं की आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० पर्यंत जे संयुक्त अनुदान मिळतं त्यातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीज हे सगळं भागवायचं असतं. तेही बहुतेक मार्चच्या तोंडावर येतं आणि लगेच खर्च दाखवा म्हणून फोन सुरू होतात.

आता गणवेशाचं सांगते, कारण त्यातलं मला कळतं. पूर्वी एका गणवेशाला ३०० रुपये समितीकडे यायचे. कापड तालुक्यातनं आणायचो, शिलाई गावात. (मी अध्यक्ष झाल्यापासून शाळेचे कपडे शिवत नाही, शेजारच्या गावातली एक बाई शिवते. अध्यक्षानं स्वतःच्याच मशीनला काम द्यायचं नसतं.) मूल समोर उभं करून माप घ्यायचं, शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची, चड्डीची दुमड चार बोटं ठेवायची म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांबवता येते. २०२४-२५ साली सरकारनं ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर नेली. एक गणवेश बचत गटांकडून शिवून यायचा, दुसऱ्याचं, म्हणजे स्काउट गाइडचं, नुसतं कापड यायचं आणि शिलाईसह वरखर्चाला ११० रुपये. त्या पैशात बाह्यांना फ्लॅप, खिशांना पट्ट्या असा गणवेश कोण शिवून देईल? शिवून आलेला गणवेश आमच्याकडे पोचला तेव्हा १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्या कपड्यांवरच उरकलेलं होतं. त्यातही इयत्तेवरून माप धरलेलं. तिसरीतली सगळी मुलं काय एका उंचीची असतात? बचत गटातल्या बायांना मी दोष देत नाही, त्यांनी दिलेल्या मापाचं कापड शिवलं. मायाच नव्हती, तर मी उसवून देणार काय?

ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला. पुढच्या वर्षापासून गणवेश पुन्हा समित्यांकडे. चांगलं झालं. पण काम काढून घेताना राज्यातल्या समित्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि परत देतानाही विचारलं नाही. पहिलीपासून हिंदी शिकवायच्या निर्णयाचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय आला, जूनमध्ये सुधारून पुन्हा आला, आणि मोर्चाची हाक दिल्यावर २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं. पहिलीतल्या मुलाच्या आईबापाचं मत सरकारपर्यंत पोचायला मुंबईत मोर्चा लागत असेल, तर वस्तीवरची समिती कशासाठी नेमली?

माझं खरं दुखणं मात्र यापेक्षा साधं आहे. आमच्या शाळेचा पट चाळीसच्या वर आहे. कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत. दोघांपैकी एक गुरुजी बदलीनं गेले, जागा रिकामी राहिली. उरलेल्या बाई चारही वर्ग सांभाळतात, शिवाय मतदार यादीचं काम. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं शिक्षकांना लावायची मुभा कायद्याच्या कलम २७ नंच ठेवली आहे, त्यामुळे त्यावर आम्ही वाद घातला नाही. दुसरा शिक्षक द्या एवढाच ठराव केला. सगळ्यांच्या सह्या, सरपंचांचं पत्र जोडलं, पंचायत समितीत देऊन शिक्का घेतला. उत्तर नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, वर पाठवलंय. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगत नाही. नंतरच्या बैठकीला पाचजणी आल्या. त्यातली एक म्हणाली, वैनी, सही घरीच घेत जा की.

साहेब ज्याला उदासीनता म्हणतात ती अशी तयार होते.

यात कायद्याचीच त्रुटी आहे. एखाद्या मुलाच्या हक्काबद्दल कुणी लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निकाल द्यावा, असं कलम ३२ सांगतं. पण पालकांच्या समितीनं ठराव केला तर त्याला किती दिवसांत, कुणी उत्तर द्यायचं, याबद्दल कलम २१ मध्ये अक्षर नाही. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक कार्यकारी समितीनं मान्य केलेली फी आणि संस्थेनं मागितलेली फी यात १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर वाद विभागीय समितीकडे जातो. म्हणजे फी भरणाऱ्याच्या ‘नाही’ला जायला एक दार आहे. ते दार सहज उघडतं असं मी म्हणत नाही, पण कायद्यात आहे तरी. आमच्या ठरावाला पोचेपलीकडे काही नाही.

आणखी एक गंमत. आराखडा तीन वर्षांचा करायचा आणि समितीची मुदत दोन वर्षांची. चौथीपर्यंतच्या शाळेत तर पोरगं पाचवीला बाहेर गेलं की पालकाचं सदस्यत्वच संपतं. आराखड्यात लिहिलेल्या कुंपणाच्या भिंतीचं काय झालं हे तिसऱ्या वर्षी विचारायला तो लिहिणारं कुणी उरतच नाही.

यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. शिक्षण हक्काचे २०११ चे नियम राज्याचे आहेत, ते राज्य सरकार बदलू शकतं. एकच नियम वाढवावा: समितीच्या ठरावाला गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं, नकार असेल तर कारणासह. नाही दिलं तर तो ठराव जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीच्या पुढच्या सभेत विषय म्हणून घ्यावाच लागेल. ‘शिक्षक उपलब्ध नाही’ असं लेखी आलं तरी चालेल. ते घेऊन आम्ही पुढं जाऊ.

तोवर इतर समित्यांच्या अध्यक्षांना एवढंच सांगते की ठराव दोन प्रतींत करा, वहीत इतिवृत्त तिथल्या तिथं लिहून वाचून दाखवायला लावा, आणि पोचेवर तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. आमच्या गावातल्या बैठकीचा दिवस कुणाला सोयीचा वाटला तर तोही उचला.

एक पालक,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, जि. सोलापूर
(शाळेतल्या बाईंना त्रास नको म्हणून नाव आणि गाव छापू नये ही विनंती.)