चपला घालून वणवा विझवणाऱ्या पोरांचे कौतुक पुरे

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘जिवाची बाजी लावून तरुणांनी वणवा आटोक्यात आणला’ ही बातमी आणि तिच्यासोबतचा फोटो पाहिला. आमच्या पाटण खोऱ्यातलीच पोरे. हातात निरगुडीच्या डहाळ्या, अंगात क्रिकेटचे झुळझुळीत टीशर्ट, पायांत रबरी चपला. सगळी आगीच्या वरच्या अंगाला उभी. आतल्या पानावरच्या स्फुटात आपण लिहिलेत की, ‘असे तरुण गावोगावी पुढे आले तर सह्याद्रीला वणव्याची भीती उरणार नाही.’ त्या मुलांच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. पण हा फोटो पाहून रात्री मला झोप लागली नाही, आणि आपण त्याला आदर्श म्हणता याचा मला मनापासून राग आला आहे.

माझा पुतण्याही मागच्या मार्चमध्ये असाच गेला होता. दुपारी कोणीतरी ओरडले, ‘डोंगर पेटलाय’, आणि आठ-दहा जण जेवणाची ताटे सोडून धावले. आमच्या गावामागच्या सोंडेच्या पलीकडे एक घळ आहे. खाली ओढा, वर करवंदाच्या जाळ्या, मध्ये कमरेएवढे वाळलेले कुसळी गवत. आग खाली ओढ्याजवळ होती. पोरांनी विचार केला, वर थांबू, ती आली की झोडपू. ऐकायला बरोबर वाटते. पण आग घळीतून धुराड्यासारखी वर आली. झोडपायला कोणाला वेळच मिळाला नाही. समोरच्या माळावर मेंढरे राखणारे एक धनगर आजोबा होते. ते वरच्या बाजूला पळणाऱ्या पोरांना पाहून घसा फोडून ओरडू लागले, “वर नको पळू! जळालेल्यात शिरा, काळ्यात या!” बाकीची पोरे आडवी पळून काळ्या पडलेल्या पट्ट्यात शिरली. पुतण्याला दोन पावले उशीर झाला.

त्याची ट्रॅक पँट पॉलिस्टरची होती. ते कापड सुती कापडासारखे जळून राख होत नाही, ते वितळते आणि कातडीला चिकटते. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर सलाइनने भिजवून भिजवून चिमट्याने ते सोडवत होते, तेव्हा मी त्याचा हात धरून बसले होते. नडगीवरून कापडाचा जो तुकडा निघाला त्यावर पांढरी पट्टी जशीच्या तशी दिसत होती. पोरगा ओरडलासुद्धा नाही. दोन दिवसांनी त्याचाही फोटो एका वर्तमानपत्रात ‘शूर तरुण’ म्हणून आला. त्याला अजून उन्हात पाय टाकवत नाही, त्याची बातमी कोणी केली नाही.

आता त्या दिवशी आग लावली कोणी, तेही सांगते. आपल्या बातम्यांत नेहमी ‘अज्ञात समाजकंटक’ असतात. इथे जाळरेषा काढायला आलेल्या ठेकेदाराचे मजूर होते. जाळरेषा म्हणजे वणव्याला पुढे खायला काही मिळू नये म्हणून आधीच जाळून ठेवलेला पट्टा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, म्हणजे हे काम त्याआधी उरकायचे. गवतावर दहिवर असताना, वारा पडलेला असताना, दोन्ही कडा आधी साफ करून, थोडे थोडे जाळत जायचे. इथे मार्च उजाडलेला, वेळ दुपारी एकची, पाण्याचा एक कॅन आणि चार मजूर. त्यांतल्या दोघांनी डोंगरावर पहिल्यांदाच पाय ठेवला होता. वारा सुटला आणि रेषा ओलांडून आग घळीत उतरली. त्या मजुरांवर माझा राग नाही. त्यांना रोजंदारीवर आणले, हातात पलिता दिला आणि सांगितले, पेटवा. त्यांना काही शिकवले होते का, हे मी संबंधित कार्यालयात जाऊन विचारले. उत्तर मिळाले, “बाई, गवत पेटवायला काय शिकवायचंय?”

संपादक महोदय, माझे सगळे म्हणणे या एका उत्तराबद्दल आहे.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. दुपारी डोंगरउतार तापला की वारा दरीतून वर चढतो आणि रात्री उलटा खाली उतरतो, ही दरीय आणि पर्वतीय वाऱ्यांची आकृती मी फळ्यावर काढली आहे, याच पोरांच्या वर्गात. उतारावर आग वरच्या गवताला आधीच शेकून कोरडे करते, त्यामुळे ती सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने चढते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट, असा ऑस्ट्रेलियातल्या अग्निशामकांचा ठोकताळा आहे. पण पुस्तकातला बाण परीक्षेपुरता लक्षात राहतो. घळीच्या तोंडाशी उभे राहून ‘इथे थांबायचे नाही’ असे कोणीतरी दाखवावे लागते, तेही आग नसताना. धनगर आजोबांना ते ठाऊक होते, कारण त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवले होते.

यावर मला सांगण्यात आले की प्रशिक्षण झालेले आहे. झाले होते खरे. पुतण्याकडे त्याचे प्रमाणपत्र आहे. तालुक्याच्या गावी एका सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवली, पाहुण्यांचे सत्कार झाले, टोप्या वाटल्या, जेवण झाले. पाचोळा उडवून पट्टा साफ करणारा ब्लोअर टेबलावर ठेवला होता, त्याची दोरी ओढायलाही कोणाला दिली नाही. दुपारी तीनला फोटो काढून सगळे घरी. डोंगर खिडकीतून दिसत होता, तिथे कोणी नेले नाही.

अमेरिकेत जंगलाच्या आगीवर पाठवण्याआधी माणसाकडून मूळ अभ्यासक्रम करून घेतात आणि चालण्याची परीक्षा घेतात : अंगावर सुमारे २० किलोचे ओझे घेऊन सुमारे ४.८ किलोमीटर, ४५ मिनिटांत. आगीवर गेल्यावर चार गोष्टी ठरवायला शिकवतात : नजर ठेवायला कोण उभा आहे, एकमेकांशी बोलायचे कसे, पळायची वाट कुठली आणि सुरक्षित जागा कोणती. आमच्या घळीत या चारांपैकी एकच होती, आणि तीही योगायोगाने समोरच्या माळावर मेंढरे चारत होती.

मुद्दाम जाळण्याचे तर तिथे वेगळे शास्त्रच आहे. फ्लोरिडात १९९० सालापासून त्यासाठी कायदा आहे, शिकून प्रमाणित झालेले लोक आहेत, आणि परवानगी देताना हवामान पाहिले जाते. हवेतला दमटपणा, वारा, गवताचा ओलेपणा हे सगळे आराखड्यात आधी लिहायचे, आणि त्यात बसत नसेल तर त्या दिवशी काडी ओढायची नाही. त्याच राज्यात टॅलाहासी इथे १९९८ साली खास याच कामाच्या प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र निघाले. शिकणारे तिथे प्रत्यक्ष जाळणीवर जातात, खरी आग हाताळतात. एवढे करूनही चूक होते. २०२२ साली न्यू मेक्सिकोत वनसेवेनेच लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली आणि त्या राज्याच्या नोंदीतला सर्वांत मोठा वणवा झाला. मग त्यांनी देशभरच्या राष्ट्रीय वनांतली अशी जाळणी ९० दिवस बंद ठेवून आपली पद्धत तपासली. इतके शिकलेल्यांची ही गत, तर आमच्याकडे एका कॅनवर आणि चार मजुरांवर काय होणार?

जाळूच नका, असे मी म्हणत नाही. काझीरंगात दर हिवाळ्यात गवत जाळतात, म्हणून गेंड्यांना, हरणांना कोवळा चारा मिळतो. आमच्याकडेही माळ पेटवला की गवत चांगले येते असे जुने लोक सांगतात, आणि राखेतून हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरे आहे. पण दरवर्षी, भर उन्हाळ्यात, बेताल पेटवले तर आगीला दाद न देणारी कुसळीच माजते, हिरड्या-जांभळाची रोपे कायमची जातात, आणि पहिल्याच पावसात उघड्या उताराची माती ओढ्यात येते. चंडोलाची, लावरीची घरटी जमिनीवरच असतात, त्यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको. कधी, कुठे, किती जाळायचे हे ठरवण्यासाठीच तर शिकलेला माणूस हवा.

आता देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो. चांगली सोय आहे. पण त्यातला बारीकातला बारीक ठिपकाही ३७५ मीटरचा. त्या ठिपक्यात घळ कुठे आणि सोंड कुठे, हे गावातल्या माणसालाच कळणार, आणि इशारा आला की धावणारही तोच. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसरच्या अभयारण्यात वणव्यावर गेलेले चार जण जागीच गेले. ते तर खात्याकडून कामावर पाठवलेले लोक होते. आमची पोरे कोणाच्याच हजेरीपटावर नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंदाच्या दिवाळीनंतर, गवत वाळायला लागले की, डोंगरालगतच्या प्रत्येक गावात चार-पाच दिवसांचे शिक्षण त्याच गावाच्या उतारावर व्हावे. रोजाची मजुरी देऊन, कारण पोरे कामधंदा बुडवून येणार. शिकवायला अनुभवी वनरक्षक असावेत आणि त्यांच्या शेजारी आमच्या धनगर आजोबांसारखी माणसे, तीही मानधन देऊन. छोटा पट्टा सकाळच्या दहिवरात त्यांच्या हातून जाळून घ्यावा आणि विझवून घ्यावा. प्रत्येकाला चामडी बूट आणि जाड सुती कपडे मिळावेत. आणि हे शिक्षण न झालेल्या कोणाच्याही हातात जाळरेषेसाठी पलिता देऊ नये, मग तो ठेकेदार कोणाचाही असो.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. आपले बातमीदार जाळरेषेच्या कामावर जातात तेव्हा किती किलोमीटर रेषा झाली एवढेच विचारतात. जाळणाऱ्याला कोणी, कुठे आणि किती दिवस शिकवले, हेही विचारा आणि जे उत्तर मिळेल ते छापा. चपलेतल्या पोरांचे फोटो छापायचेच असतील तर त्यांना ‘शूर’ म्हणण्याआधी त्यांना बूट कोणी दिले नाहीत ते खाली लिहा.

जाता जाता : पुतण्या भाजला तेव्हाही मी आपल्याला पत्र पाठवले होते. आपण त्यातला तरुणांच्या कौतुकाचा पहिला परिच्छेद तेवढा छापलात आणि ठेकेदाराचा, कार्यालयाचा सगळा भाग गाळलात. गावात लोक मला विचारत होते, ‘बाई, पोराचा पाय जळाला आणि तुम्ही अभिनंदन कसलं करताय?’ जागा नसेल तर हे पत्र अजिबात छापू नका, पण छापलेत तर पूर्ण छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा