बेशरमाच्या बुडाशी ‘शंकर’

संपादक महोदय,

दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ विजेच्या तारेवर बसलेला रस्त्यावरूनही दिसतो. गंमत अशी, की त्याचा गळा निळा नसतोच! खरा निळ्या गळ्याचा पाहुणा त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरेकडून येऊन आपल्या तलावांच्या काठी उतरतो नि एप्रिलपर्यंत मुक्काम करतो. त्याचं नाव शंकर, म्हणजेच नीलकंठी. नागपूरच्या अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठावर निळा गळा शोधणाऱ्याच्या हाती तो सहसा लागत नाही.

गळा सोडा, शेपटी बघा. पक्षी चिमणीएवढा, जेमतेम १५ सेंटीमीटर. पाठ मातकट, भुवई पांढुरकी, पाय लांब, उभं राहणं ताठ. चिखलात चार पावलं पळतो, थबकतो, शेपटी उभारतो आणि झटक्यात पसरतो. त्या क्षणी शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी डाग दिसतात; मधला भाग नि टोक काळपट. एवढं दिसलं की ओळख पक्की. मादीचा गळा पांढुरका, खाली काळपट ठिपक्यांची माळ. नराचा निळा रंगही हिवाळ्याच्या सुरुवातीला अर्धामुर्धाच असतो, फेब्रुवारी-मार्चात भरत जातो.

गफलत होते ती वटवट्या आणि गप्पीदासाची मादी या पक्ष्यांशी. बोरूच्या गवतातला वटवट्या देठ धरून वर चढतो, त्याच्या शेपटीत विटकरी रंग नाही. गप्पीदास शेंड्यावर उघड्यावर बसतो. शंकर बहुधा जमिनीवरच असतो, पानकणीस या पाणगवताच्या किंवा बेशरम या झुडपाच्या बुडाशी. दचकला तर जमिनीलगत थोडं उडून पुन्हा झाडोऱ्यात बुडी मारतो.

म्हणून त्याच्या मागे फिरू नये. सूर्योदयानंतरच्या तासा-दोन तासांत, ऊन पाठीशी घेऊन, काठापासून १५-२० मीटरवर खाली बसावं. पाणी आणि झाडोरा यांच्यामधल्या उघड्या चिखलावर दुर्बीण आधीच फोकस करून ठेवावी नि वीसेक मिनिटं हलू नये. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याचा प्रकार तर नकोच.

तो चिखलाचा पट्टा हेच त्याचं ताट. किडे-अळ्या तिथे मिळतात आणि शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर मागे दोन उड्यांवर आडोसा असतो. तलाव स्वच्छ करताना यंत्रानं काठ पाण्यापर्यंत खरवडला, की दोन्ही एकदमच जातात. जलपर्णी खुशाल काढावी, शंकर तिच्यावर अवलंबून नाही. बेशरमही हटवायलाच हवी, पण ऐन हिवाळ्यात नको, आणि सगळा काठ एका दमात नको. टप्प्याटप्प्यानं काढावी आणि पानकणसाचा दोन-तीन मीटरचा पट्टा जागोजागी राखावा, एवढी अट सफाईच्या कंत्राटातच घालता येईल.

– एक पक्षिनिरीक्षक, नागपूर