माळवद वाचवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही. गावाने सत्काराचा नारळ-टॉवेल काढला तेव्हा तुम्ही दुपारच्या एसटीने निघून गेला होतात, तेव्हा हे तुम्हाला आवडणार नाही ते मला कळतं. पण आमचा वाडा आणि त्याचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, वाचवल्याबद्दल आभार मानायचे राहिले ते राहिलेच. सासूबाई असत्या तर त्यांनी केव्हाच कुणाकडून तरी लिहून घेतलं असतं.

१९९४ साली तुम्ही इंजिनिअर म्हणून निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात आलात तेव्हा घरात झोपायला कुणी तयार नव्हतं. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती बोळवून माणसं घरी येऊन आडवी झाली होती, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंपाने किल्लारी-सास्तूरकडे होत्याचं नव्हतं झालं. गेलेल्यांचा सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरात होता. आमचं गाव तिथून लांब. आमच्याकडे भिंतींना भेगा पडल्या, काही कोपरे ढासळले, माणूस मात्र कुणाचं गेलं नाही. पण किल्लारीकडे सोयरिकी होत्या, मातीला जाऊन आलेली माणसं होती. दगड-मातीची भिंत म्हणजे मरण, ही गाठ तिथे बसली. त्यानंतर पत्र्याच्या शेडखाली संसार. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखाली बाळंतीण आणि तान्हं मूल म्हणजे काय असतं, ते मी तेव्हा स्वतः भोगलंय.

सरकारने ५२ गावं नव्या जागी बसवायची ठरवली. आमचं गाव दुरुस्तीच्या यादीत होतं. पारावर एकच बोलणं चालायचं: मिळतील त्या पैशात सिमेंटची एक खोली टाकायची आणि वाडा पाडून दगड-लाकूड विकायचं. माझे सासरेही त्याच मताचे होते.

तुम्ही भाषण केलं नाहीत. आमच्या ढासळलेल्या कोपऱ्यापाशी बसलात, गवंड्याला बोलावलंत आणि भिंत कापल्यासारखी उघडी करून दाखवायला सांगितलंत. पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंतीला टेकून बसलेली माणसं आम्ही, पण तिच्या पोटात काय आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाहेरून अखंड दिसणारी ती दोन हात जाडीची भिंत म्हणजे मुळात दोन भिंती होत्या. एक बाहेरची, एक आतली, आणि मधे गोटे व मातीचं भरताड. दोन्हींना धरून ठेवणारा, आरपार गेलेला एकही दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर दोन बाजूंना फुगतात, मधलं भरताड खाली बसतं आणि त्यांना आणखी फाकवतं. तुम्ही एवढंच म्हणालात की दगडाचा काही दोष नाही, त्याला कुणी बांधलेलं नाही. सासरे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी कंदील घेऊन परत जाऊन पाहून आले.

मग तुम्ही माळवदावर चढलात. दर मिरगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, ही आमची रीत. गळू नये म्हणून. पण जुना थर काढायची रीत मात्र नाही! तुम्ही टिकावाने लाकडापर्यंत खणायला लावलंत, तर माती माझ्या गुडघ्याच्या वर लागली. घराची काळजी घेता घेता आम्ही पावसाळ्यागणिक डोक्यावरचं ओझं वाढवत आलो होतो. त्याच वेळी तुम्ही सागवानी खांबांना हात लावून सांगितलंत की किल्लारीकडे काही घरांच्या भिंती बाहेर कोसळल्या, पण खांबांवर तोललेलं माळवद तसंच उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. आमच्या घरात भीती वाटण्यासारखं पुष्कळ आहे, तसं भरवसा ठेवण्यासारखंही आहे, हे ऐकल्यावर सासूबाईंनी तुम्हाला पहिल्यांदा चहा विचारला.

पुढचं काम मला अजून तोंडपाठ आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड न ठोकता, हलवून हलवून काढायचा आणि आरपार भोक पाडायचं. दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई त्यात ठेवून काँक्रीट भरायचं, दहा दिवस पाणी मारायचं. कोपऱ्यांत उभी सळई. माळवदाखाली सगळ्या भिंतींना लोखंडी जाळीचा पट्टा फिरवून त्यावर गिलावा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे टेकू. माळवदाची माती निम्म्याहून कमी, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद. पाणी मारायचं काम आम्हा बायकांकडे होतं आणि त्यात एकदाही खाडा झाला नाही.

बळदावरून झालेलं भांडण आठवतं का? भिंतीच्या पोटात धान्य साठवायची पोकळी, आणि तीही कोपऱ्याजवळ. तुम्ही बुजवा म्हणालात. सासूबाई म्हणाल्या, बळद बुजवलेल्या घरात लक्ष्मी टिकत नाही. दुसरा कुणी इंजिनिअर असता तर हसला असता नाहीतर चिडला असता. तुम्ही दिवसभर मोजमापं घेतलीत आणि तोडगा काढलात: कोपऱ्याजवळचं बुजवायचं, आतल्या भिंतीतलं ठेवायचं, पण त्याच्या तोंडाला मजबूत चौकट घालून. त्या बळदात आता ज्वारी नसते, नातवंडांची दप्तरं असतात. देवळीही जागच्या जागी आहे. दाराच्या कोरीव चौकटीला धक्का लागू नये म्हणून तुम्ही गवंड्याला किती वेळा थांबवलंत, ते त्याने मरेपर्यंत चवीने सांगितलं.

आणि ढेलज. खरे आभार मला त्या ढेलजेसाठी मानायचे आहेत. सिमेंटची एक खोली टाकली असती तर ढेलज पहिली गेली असती, कारण सिमेंटच्या खोलीला ढेलज कुणी बांधत नाही. दारातून आत आल्यावर, पण घरात न शिरता बसायची ती जागा. आमच्या गल्लीतल्या बायकांचा बचत गट तिथे भरतो. ज्यांच्या घरात पाहुणे मावत नाहीत त्यांच्या मुली तिथे दाखवल्या गेल्या. दुपारी म्हातारी माणसं तिथेच लवंडतात, कारण सगळ्या गल्लीत तेवढीच जागा थंड असते. माळवदावर कुरडया-पापड अजून वाळतात, आणि कुरडयांवर लक्ष ठेवायला बसलेल्या म्हातारीला शेजारच्या माळवदावरच्या म्हातारीशी बोलता येतं. तुम्ही कागदावर भिंती काढत होतात, तेव्हा यातलं किती तुमच्या मनात होतं, हे मला विचारायचंच राहिलं.

माझी नणंद पुनर्वसन झालेल्या एका गावात राहते. तिथल्या लोकांनी जे गमावलं त्यापुढे आम्ही काय बोलावं? त्यांना जुन्या जागेवर पाऊल ठेववत नव्हतं, हे खरंच आहे. पण त्यांची घरं कवायतीला उभी केल्यासारखी एका रांगेत, रस्ते इतके रुंद की समोरच्या दारातून हाक ऐकू येत नाही, शेत लांब पडलेलं, आणि म्हातारीने बसावं कुठे हे नकाशा काढणाऱ्याला सुचलंच नाही. हळूहळू लोकांनी आपापल्या हाताने ओसरी काढली, परसात आडोसे केले, गाव आपल्या मापाचं करून घेतलं. नणंद आमच्याकडे आली की ढेलजेतून हलत नाही.

तुमची शिकवण सगळ्या गावाने घेतली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. बहुतेकांनी खोलीच बांधली. त्यांचे वाडे ओस पडले, पावसात भिजून बसले, दगड विकले गेले. तुमच्या पद्धतीने बांधून घेतलेली थोडीच घरं आहेत, पण ती उभी आहेत. तुमच्या हाताखाली शिकलेल्या गवंड्याकडे नंतर आसपासच्या खेड्यांतून बोलावणी यायची. २००१ साली कच्छात भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला, घर बांधताना काय बघायचं ते सांगायला गेल्या होत्या. तान्ह्या मुलांमुळे मी जाऊ शकले नाही, पण जाणाऱ्या एकीला सळईचा आकडा कसा वळवायचा ते आमच्या चौकात बसून मीच दाखवलं होतं.

आता थोडं कामाचं. मुलाला माळवदावर सोलरचा बंब बसवायचा आहे. पाण्याने भरल्यावर त्याचं वजन बरंच होतं, म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. उत्तरेकडच्या एका खांबाला खालून वाळवी लागल्यासारखी दिसते. ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ येतो. गावातले लोक खांब काढून सिमेंटचा घाला म्हणतात. तुम्ही काय म्हणाल त्याचा मला अंदाज आहे, पण एकदा तुम्ही किंवा तुमच्याकडे शिकलेल्या कुणी येऊन पाहिलं तर बरं होईल. पाऊस लागायच्या आत जमवा.

तुमची,
ढेलजेच्या वाड्यातली सून