‘विकत घेतली, रुपये…’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोदे शहरातील जुनी पुस्तके स्कॅन करण्याच्या कामाविषयी आपल्या अंकात वाचले. काम चांगलेच आहे, पण ते करणाऱ्यांच्या कानावर आमच्या घरची एक हकिगत घालावीशी वाटते.

दांडिया बाजारातला आमचा वाडा विकला तेव्हा काकांनी घरातल्या पोथ्या एका वाचनालयाला दिल्या. यादी केली नाही, पावती घेतली नाही. ही चूक आमचीच. त्यात एकनाथी भागवताची हस्तलिखित पोथी होती. वडील नेहमी म्हणत, "आपल्या पोथीच्या शेवटच्या पानावर हरताळ आहे, त्याच्याखाली पहिल्या धन्याचं नाव आहे." (हरताळ म्हणजे लिहिलेली अक्षरे झाकायला फासत तो पिवळा रंग.) पुढे चौकशी केली तर वाचनालयाच्या रजिस्टरात पोथी सापडेना. आम्ही नाद सोडला.

गेल्या दिवाळीत घरातली वर्तमानपत्रे घालायला पस्तीवाल्याकडे गेलो. काट्याजवळ लाल रेक्झिनच्या बांधणीचे एक जाड पुस्तक पडले होते, ‘जीर्ण’ असा शिक्का मारलेले. सहज उघडले तर आत बोरूची अक्षरे. शेवटचे पान काढले आणि तो पिवळा पट्टा दिसला. साडेतीन किलो भरले. पस्तीवाल्याने वर्तमानपत्राच्याच भावाने दिले.

‘हरताळ फासणे’ आपण रोज म्हणतो. खरा हरताळ मी त्या दिवशी पाहिला. हळदीपेक्षा किंचित फिका, बोटाला खरखरीत. पान उन्हात तिरके धरले की खालची अक्षरे वर येतात. नाव पुरते लागत नाही, पण ‘भट’ आणि ‘वाई’ स्पष्ट आहेत. त्यावर आमच्या खापरपणजोबांचे नाव, ‘मुक्काम बडोदे, निसबत पागा’, म्हणजे घोडदळाच्या पागेकडचे. शेजारी लेखनाचा काळ: शके १७४०, बहुधान्यनाम संवत्सर, श्रावण. म्हणजे १८१८. पेशवाई बुडून जेमतेम दोन-तीन महिने झालेले आणि हा भट वाईला बसून नाथांच्या अठरा हजारांवर ओव्या उतरवून संपवतो आहे! वाईची पोथी बडोद्याच्या पागेत कशी आली, हे त्याच पानावर मोडीत लिहिलेले होते. ‘होते’ म्हणतो, कारण सुट्या पत्रांचे पुस्तक करताना बाइंडरने चारही कडा कटरखाली घातल्या. समास गेले, पत्रांक म्हणजे पानांचे आकडे गेले. मोडीची ओळ ‘विकत घेतली, रुपये’ इथे थांबते. रुपये किती, कोणाला दिले, कोणत्या साली, सगळे कातरणात गेले.

पोथी उतरवणाऱ्याने शेवटी नेहमीचा श्लोक घातला आहे, ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्’. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथी सांभाळ, म्हणाला बिचारा. घट्ट बांधणीची त्याला काय कल्पना!

याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली. त्यातला संस्कृत संग्रह १९२७ साली इथल्याच प्राच्यविद्या मंदिराकडे, म्हणजे हस्तलिखिते जपणाऱ्या संस्थेकडे गेला. पोथी कशी हाताळावी, हे बडोद्याला बाहेरून शिकायला नको. पण लहान वाचनालयांत आजही नाव-गाव लिहिलेले पान म्हणजे खराब पान. स्कॅन करणारी मुलेही मजकूर नसलेली पाने गाळतात, असे मी स्वतः पाहिले आहे. नाथांचा मजकूर छापील प्रतींत कुठेही मिळेल. वाईचा भट या एकाच पानावर आहे. म्हणून पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सर्व पाने घ्यावीत, कोरी वाटली तरी. समास कापू नयेत. आणि पुस्तक बाद करण्यापूर्वी पहिले व शेवटचे पान कोणा मोडी जाणणाऱ्याला दाखवावे. आतले नाव ज्या घरचे असेल त्यांना एक पोस्टकार्ड टाकायला फार खर्च येत नाही.

आणखी एक. याच पोथीच्या तेविसाव्या अध्यायात, जिथे भिक्षुगीत येते तिथे, समासाच्या उरलेल्या पट्टीत मोडीची दीड ओळ आहे. अक्षर खापरपणजोबांचे नाही. ‘चातुर्मासात वाचावयास दिली’ इतके लागते, पुढचे लागत नाही. मोडी वाचणारे कोणी वाचक बडोद्यात असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. पोथी घेऊन मी त्यांच्या घरी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बाबाजीपुरा, बडोदे